बेरिंगवरची होडी

नव्या फ्रिजचं खोकं न फाटता काढायच्या नादात मी फ्रिज फाडला. पत्रा नाही फाडला, तेवढी ताकद आता अंगात राहिलेली नाही. पण खोक्याच्या कडेची चिकटपट्टी कापताना विळ्याचं टोक जरा जास्तच आत गेलं, आणि दाराच्या चारी बाजूंनी जे करडं मऊ रबर असतं ते चांगलं वीतभर कापलं गेलं. गाडीवाला दोनदा सांगत होता, "काका, वरून ओढा, फाटलं तर फाटू द्या." मी त्याला म्हणालो, बाबा रे, खोकं फाटून चालणार नाही. या माणसानं फ्रिज घेतलाय का खोकं घेतलंय, हे त्याला काही कळेना, आणि रबर कापल्यावर तर त्यानं विचार करणंच सोडून दिलं.

बायको, म्हणजे शकुंतला, हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभी होती. आमच्या घरातला हा पहिला फ्रिज. त्याच्या कपाळी कुंकू लागायच्या आधीच मी त्याला जखम केली. दार लावून बघितलं तर लागेना. दाबून धरलं की लागायचं, सोडलं की हळूच, लाजल्यासारखं, बोटभर उघडायचं. शकुंतलानं ताट खाली ठेवलं, वाकून रबर बघितलं, मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्यावर ती जे बोलली ते सांगणारच आहे. पण त्याआधी खोक्याचं सांगायला हवं, आणि खोक्याचं सांगायचं तर होडी सांगितल्यावाचून भागत नाही.

ही सगळी जानेवारीची करणी. आमच्या जवळा बाजार गावात पिकांचे हंगाम दोन, खरीप आणि रब्बी. ज्यांच्या घरात शाळेत जाणारी लेकरं आहेत त्यांना तिसरा एक हंगाम असतो, गॅदरिंगचा. सकाळी धुकं उठायच्या आधी टहाळाच्या पेंढ्या घेऊन बाया बाजारात येऊन बसतात. हरभऱ्याच्या त्या हिरव्या पाल्याला एक आंबूस खार असतो, तो बोटांना लागतो, बोटं ओठांना लागतात. खळ्यात तूर झोडपल्याचा आवाज, चुलीवर मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा वास, आणि या सगळ्यावरून, शाळेच्या दिशेनं, टेपवर तेच तेच गाणं. एकदा वाजतं, मधेच थांबतं, बाई ओरडतात, पुन्हा पहिल्यापासून. माझं दुकान शाळेच्या वाटेवर. बियाणं, खत आणि फवारणीची औषधं. गिऱ्हाईक विचारायचं, "अळीला काय हाय?" आणि मी टेपच्या ठेक्यात मान हलवत सांगायचो.

आता समुद्र आमच्यापासून इतका लांब, की गावातल्या चार-दोन माणसांनीच तो बघितलेला, आणि त्यांनीही परत येऊन फारसं काही सांगितलं नव्हतं. खारट हाय, म्हणाले. तरी गॅदरिंगला दर साली कोळीनृत्य ठरलेलं. तुरी-कापसातल्या आमच्या पोरी आयांची लुगडी गुडघ्यापर्यंत कसून, डोक्यावर टोपल्या घेऊन, टोपलीत मासे म्हणून पिकलेल्या चिंचा ठेवून अशा नाचायच्या, की जणू भरती-ओहोटी घरामागंच आहे. मला त्यात कधी काही खोटं वाटलं नाही. ज्याच्याकडं जे नाही तेच तो हौसेनं नाचतो.

नव्वद उलटून पाच-सहा सालं झाली असतील. माझी सारिका तेव्हा पाचवीत. दोन वर्षांची असताना तिला ताप आला होता, आणि ताप गेला तो डावा पाय बारीक करून गेला. गुडघ्यावर हात ठेवून, तो दाबत ती चालायची. गावाला त्याची सवय होती, तिलाही होती. सवय नव्हती ती फक्त आम्हा दोघांना, पण आम्ही दोघं त्यावर बोलत नसू.

दुपारी शाळा सुटली की ती दुकानात येऊन खताच्या पोत्यावर बसायची आणि बसल्या बसल्या सगळा नाच हातांनी करायची. आठ पोरी होत्या नाचात. आठी जणींचे हात तिला पाठ. कोण कुठं चुकते तेही पाठ. वाटेवरून जाणाऱ्या पोरीला ती पोत्यावरून हाक मारून सांगायची, "तिसऱ्या कडव्याला तुझं उजवं-डावं चुकून राहिलं बरं." त्या पोरी तिचं ऐकायच्या. नाच बसवणाऱ्या वाघ बाईंनंतर नाचातलं कुणाला कळत असेल तर ते हिलाच, हे त्यांनी मानलेलं होतं.

एक दिवस ती आली आणि म्हणाली, "बाबा, टेपचं बटण माझ्याकडं हाय. बाईंनी मलाच दिलं." इतक्या आनंदानं म्हणाली, की मी पण खूश झालो. तिला गोळी दिली. मग ती पोत्यावर बसली आणि त्या दिवशी हात हलले नाहीत. मांडीवर ठेवलेले, शांत. मी दोन गिऱ्हाइकांना चुकीची औषधं दिली.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. वाघ बाई भल्या बाई. त्यांनी पोरीला मुद्दाम डावललं नव्हतं, पाय दुखेल म्हणून जपलं होतं. त्या म्हणाल्या, नाच उड्यांचा आहे, काय करणार? मी भिंतीकडं बघत होतो. भिंतीवर भूगोलाचा तक्ता, तक्त्यावर एक गलबत. माझ्या तोंडून निघून गेलं, "कोळीनाच हाय तर होडी नको का, बाई? होडी मी करून देतो. खरी, आत बसायची. होडीत माझी पोरगी बसंल." बाईंनी विचारलं, जमेल का तुम्हाला? मी म्हणालो, होडीत काय एवढं.

होडी मी आयुष्यात एकदाच बघितलेली, तीही एसटीच्या खिडकीतून, पुलावरून. वरून होडी शेंगेसारखी दिसते. खालून कशी असते, याचा विचार करायची वेळच कधी आली नव्हती. बाईंनी मात्र अट स्पष्ट घातली. गॅदरिंगच्या दोन दिवस आधी होडी शाळेत आली आणि पोरीचं वजन तिनं पेललं, तर सारिका नाचात. नाहीतर सारिका बटणावर. माझ्या हातात अकरा दिवस होते.

घरी सांगितलं. मला वाटलं होतं शकुंतला हरखेल. ती भाकरी थापत होती, थापायची थांबली.

"कशाला मांडता तिला लोकांपुढं?" ती म्हणाली. "बटणापाशी बसली असती. हाताचं काम हाय, कोणी हसत न्हाई."

"अगं, होडीत पाय दिसत न्हाई," मी म्हणालो. "काठ एवढा उंच करतो, छातीपर्यंत. कोणाला कळणार बी न्हाई."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "म्हणजे मांडून बी राहिले आणि झाकून बी राहिले. एक काय ते ठरवा."

उत्तर नसलं की मी कामाला लागतो. दुकानाच्या मागं औषधांची रिकामी खोकी पडलेली असायची, ती आणली. पुठ्ठ्याशी माझी ओळख जुनी, पण ती उचल-ठेव करण्यापुरती. त्याचा स्वभाव तेव्हा कळला. पुठ्ठ्याच्या पोटात बारीक नळ्या असतात, एकीशेजारी एक. नळ्यांच्या दिशेनं वाकवला तर तो पोळीसारखी घडी घेतो. आडवा वाकवायला गेलं की रुसतो, मग मोडतो, आणि एकदा मोडला की तिथं कधीच पुन्हा उभा राहत नाही. पहिल्या दिवशी मी अर्धा डझन खोकी मोडली आणि एवढंच शिकलो.

तिसऱ्या दिवशी कामट्यांचा सांगाडा उभा राहिला. गव्हाच्या पिठाची पातेलंभर खळ शिजवली आणि पुठ्ठ्याचे तीन थर एकावर एक डकवले. पुढचं टोक चांगलं वर उचललं, तक्त्यातल्या गलबतासारखं. संध्याकाळी अंगणात वाळत ठेवली तेव्हा मी तीन वेळा बाहेर येऊन बघितली. एवढा अभिमान मला दुकानाच्या उद्घाटनाला सुद्धा वाटला नव्हता.

सकाळी बघतो तर शकुंतलाची शेळी दावं तोडून होडीपाशी उभी, आणि गलबताचं वर उचललेलं टोक शेळीच्या तोंडात. टोकच काय, पुढची हातभर होडी तिनं रातोरात नाही, पहाटे निवांत, खळीसकट खाल्ली होती. खळीत चिमूटभर मोरचूद घातलं की तिला ढोर-जनावर तोंड लावत नाही, हे वह्या बांधणाऱ्याला ठाऊक असतं, पोस्टर चिकटवणाऱ्याला ठाऊक असतं. माझ्या दुकानात मोरचुदाचं पोतं होतं. पंचक्रोशीतल्या अळीला, माव्याला, बुरशीला मी औषध देतो, आणि माझी होडी शेळी खाते.

शकुंतला ओसरीत उभी राहून बघत होती. आधी तिनं पदर तोंडाला लावला. मग खाली बसून हसली. इतकी, की डोळे पुसावे लागले. बऱ्याच दिवसांनी ती तशी हसली होती, त्यामुळे शेळीला मी काही बोललो नाही.

हसणं सरल्यावर ती उठली, उरलेल्या होडीभोवती फिरली आणि म्हणाली, "अशी राहतच न्हाई होडी. ही तर शेंग हाय."

तेव्हा मला आठवलं की माझी बायको पूर्णेकाठची आहे. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि होडी करायला घेताना मी तक्त्याला विचारलं, एसटीच्या खिडकीला विचारलं, तिला विचारलं नाही. तिच्या माहेरी होडी नव्हतीच. गुळाची काहील होती. पूर आला की रस आटवायची ती मोठी लोखंडी कढई पाण्यात सोडायची, तीत बाळंतीण, आजारी माणूस, पिठाचं डबं, आणि तिचे वडील मधे उभे राहून लांब वेळूनं तळाला रेटा देत पैलतीरी न्यायचे. वल्हं कोणी बघितलंच नव्हतं. "पुढं ओढायचं नसतंय," ती म्हणाली, "खाली रेटायचं असतंय. तळ सापडला की बास." आणि बूड रुंद पाहिजे, काठ बेताचा पाहिजे. उंच काठाची काहील कलंडते.

काठाचं मात्र मी ऐकलं नाही. काठ छातीपर्यंतच ठेवला. ते झाकायचं माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

दुसरी होडी मी डकवली नाही, शिवली. दुकानदाराला दुसरं काही येवो न येवो, दाभण आणि सुतळीनं पोत्याचं तोंड शिवता येतं. पुठ्ठ्याच्या कडा एकावर एक घेऊन पोत्यासारखे टाके घातले. बूड रुंद, फळीचं. फळीखाली ट्रकच्या गॅरेजमधून आणलेली चार जुनी बेरिंगं. पुढं दोरी. मी पडद्याआडून दोरी ओढायची, होडी स्टेजच्या या टोकाकडून त्या टोकाला जायची, आणि सारिकानं हातातल्या वेळूनं नुसतं वल्हवल्यासारखं करायचं, असं ठरलं. चुना आणि नीळ कालवून रंग दिला. ओला असताना समुद्रासारखा दिसला. वाळल्यावर पातळ झाला आणि खालून औषधाच्या खोक्यावरची लाल कवटी दोन हाडांसकट हसायला लागली. ती बाजू भिंतीकडं ठेवू, असं मी स्वतःला समजावलं.

त्या चार-पाच दिवसांतलं एक चित्र मनात राहिलंय. दुपारची वेळ, मी दुकानाच्या मागच्या दारातून घरात डोकावलो. अंगणात बाज टाकलेली. बाजेवर सारिका उभी, हातात वेळू. शकुंतला खाली उभी राहून तिला सांगत होती, भार चांगल्या पायावर घे, दुसरा नुसता टेकव, वेळू तिरपा रोव, आता अंग टाक त्याच्यावर. भिऊ नको, वेळू धरतोय तुला. पोरगी अंग टाकायची, बाज करकरायची. ती नुसतं वल्हवल्यासारखं करणार होती, तिला हे खरं खरं रेटणं कशाला शिकवतेय, असं मला वाटलं. मी तसाच दुकानात परत गेलो.

विजेचं तेव्हा असं होतं की संध्याकाळचा भरवसा नाही, म्हणून गॅदरिंग भर दुपारी ठेवलेलं. पिंपांवर फळ्या टाकून स्टेज, वर ताडपत्री, समोर सगळा गाव उन्हात डोक्याला रुमाल गुंडाळून बसलेला. होडीनं दोन दिवस आधी बाईंसमोर सारिकाचं वजन पेललं होतं. मी पडद्याआड दोरी धरून तयार. टेप सुरू झाला. पोरी आल्या. माझी होडी निघाली.

पहिले चार हात ती अशी गेली, की माझा ऊर भरून आला. मी दोरी ओढत होतो आणि सवयीनं तोंडानं बैलाला चुचकारावं तसं च्यक् च्यक् करत होतो. ते माइकमधून गावाला ऐकू जात होतं, हे मला नंतर कळलं. मग एक बेरिंग दोन फळ्यांच्या फटीत गेलं. होडी थांबली. मी ओढली. हलेना. मी पाय रोवून सगळ्या ताकदीनं ओढली, तेव्हा तीन गोष्टी एकदम झाल्या. दोरीबरोबर होडीची पुढची शिवण उसवून एक अख्खा काठ माझ्याकडं आला. मी पाठीवर पडलो. पडलो तो टेपच्या वायरीवर, आणि गाणं बंद झालं.

एवढी शांतता त्या शाळेत परीक्षेलाही नसेल. आठ पोरी, टोपल्या डोक्यावर, एक पाय उचललेला, तशाच थिजल्या. स्टेजच्या मधोमध सारिका. काठ गेलेला. दोरीच्या हिसक्यानं होडी गिरकी घेऊन वळलेली, त्यामुळे कवटी थेट लोकांकडं, आणि कवटीच्या वर माझ्या पोरीचा तो बारीक पाय, अख्ख्या गावासमोर, उन्हात. मागून कोणीतरी विचारलं, "मालक, कोणतं औषध म्हणायचं हे?" लोक हसले. मी पडद्याआड उताणा. उठावं की नाही हेच कळेना. बायका बसलेल्या बाजूला शकुंतला होती. तिच्याकडं बघायची माझी छाती झाली नाही.

मी बघत होतो सारिकाकडं. तिनं एकदा माझ्या दिशेनं बघितलं, मग खाली फटीकडं. मग ती उभी राहिली. भार चांगल्या पायावर, दुसरा नुसता टेकवलेला. वेळू फळ्यांच्या सांध्यात तिरपा रोवला आणि अंग टाकलं.

"एक," ती मोठ्यांदा म्हणाली.

बेरिंग निघालं नाही. तिनं वेळू उपसला, पुन्हा रोवला. "दोन." होडी थरथरली. "तीन." फटीतून बेरिंग खडकन वर आलं आणि होडी हातभर सरकली. "चार," ती म्हणाली, आणि पोत्यावर बसून हाक मारायची त्याच आवाजात पोरींना म्हणाली, "काय बघून राहिल्या? तिसरं कडवं. उजवीकडून."

आणि पोरी नाचायला लागल्या. गाणं नव्हतं. नुसते तिचे आकडे, फळ्यांवर आठ जणींची पावलं आणि चार बेरिंगांचा खरखराट. एक, दोन, तीन, चार. दर आकड्याला ती वेळू रोवायची, रेटायची, होडी पुढं जायची. पलीकडच्या टोकाला पोचल्यावर तिला थांबायचं होतं. ती थांबली नाही. होडी वळवली आणि परत आली. तोवर समोरच्या लोकांनी टाळ्यांनी ठेका धरला होता. पाय कोणी बघितला, कोणी नाही, मला माहीत नाही. मी बघितला. आठ वर्षांत पहिल्यांदा नीट बघितला. तो काही वाईट पाय नव्हता. थोडा बारीक होता, एवढंच.

कार्यक्रम संपल्यावर शकुंतला पडद्यामागं आली. मी अजून तो उसवलेला काठ हातात धरून बसलेलो. तिनं तो माझ्या हातातून घेतला, दुमडला आणि चुलीला होईल म्हणून काखेत मारला. तिच्या दृष्टीनं त्याचं काम संपलं होतं.

होडी मात्र दोन वर्षं टिकली. मार्चमध्ये सारिका तीत बसून अभ्यास करायची. नंतर एका कोंबडीनं तीत अंडी उबवली. उरलेले सुतळीचे टाके शेवटपर्यंत सुटले नाहीत, हे मी अजून पाहुण्यांना सांगतो.

सारिका आता स्वतः बाई आहे. डी.एड. झाली, सेनगावकडच्या एका गावात शाळेवर लागली. तिथंच खोली घेऊन राहते, शनिवारी जीपनं येते. गेल्या आठवड्यात दुकानात माझ्या मोबाइलवर तिचा फोन आला. मागं टेप वाजत होता. आता तो टेप नसतो, पण मी टेपच म्हणतो. म्हणाली, "बाबा, माझ्या वर्गात एक पोरगी हाय, तिला दोन्ही पायांनी चालता येत न्हाई. तिला मी सांगून बसले की होडी येऊन राहिली म्हणून." मग जरा थांबून म्हणाली, "औषधाचं खोकं नको. मोठं, कोरं, एकसंध बघा. खळ केलीच तर मोरचूद घाला. आणि बाबा, यावेळी काठ उंच करू नका."

मी बरं म्हणालो. फोन ठेवल्यावर बराच वेळ मापाचा काटा पुसत बसलो. घरी यातलं काहीच बोललो नाही. दिवाळीपासून फ्रिज घ्यायचं चाललं होतं आणि माझंच अडत होतं, ते मी दोन दिवसांत उरकलं. इलेक्ट्रिकच्या दुकानात तीन फ्रिज बघितले. ज्याचं खोकं सगळ्यात मोठं, तो घेतला. शकुंतलाला सांगितलं, यात बर्फ लवकर होतो.

तर असं ते खोकं. ते मी अंगणात आडवं करून ठेवलं होतं, शेळीच्या दाव्यापासून लांब. आणि फ्रिज ओसरीत उभा, दार बोटभर उघडं. शकुंतलानं कापलेल्या रबरावरून बोट फिरवलं, उठली, ताटातलं कुंकू फ्रिजला लावलं.

"राहू द्या. दार नाड्यानं बांधता येतंय," ती म्हणाली. "खोकं तर धड निघालं ना?"